अंगण उत्तरेला, पाणी टँकरचं आणि पावणेतीन लाखांचं कोटेशन: सल्ला हवा

पायरीवरची | २४ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत वाघोलीला रो-हाउस घेतलं. दक्षिणमुखी आहे म्हणून जरा स्वस्तात मिळालं, आमच्या पथ्यावर पडलं. मागे तीस फूट रुंद आणि वीस फूट खोल मोकळी जागा आहे. सध्या तिथे बिल्डरने जाता जाता पसरलेली माती, कोपऱ्यात एक जुना कडुनिंब, ड्रेनेजचे दोन चेंबर, कपडे वाळत घालायची दोरी आणि सासूबाईंची तुळस एवढा ऐवज आहे. अठरा वर्षं तिसऱ्या मजल्यावर काढल्यामुळे एवढी जमीन आपली आहे हेच अजून पचलेलं नाही.

एका लँडस्केपवाल्यांना बोलावलं. आले, मोबाइलवर फोटो काढले, चार दिवसांनी थ्री-डी चित्र पाठवलं. चित्र देखणं आहे, खोटं कशाला बोलू. अख्ख्या जागेत मेक्सिकन लॉन, तिन्ही भिंतींना लागून कोनोकार्पसची हिरवी तटबंदी, सहा अरेका पाम, दोन फॉक्सटेल पाम, पांढरे गोटे, कारंजं आणि एक गझिबो. कडुनिंब चित्रात नाहीच. विचारलं तर म्हणाले, "पानं फार पडतात मॅडम, काढून टाकू." एकूण दोन लाख पंचाहत्तर हजार, माळ्याचा महिना वेगळा.

सोसायटीची बोअर मार्चमध्ये मान टाकते, मग टँकर. नवऱ्याला लॉन हवंय, लेकाला क्रिकेट, सासूबाईंना देवापुरती फुलं आणि मला संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायला जागा. ऊन भरपूर आहे. आज साडेबाराला मुद्दाम उभी राहून पाहिलं, अंगणभर लख्ख.

होकार द्यावा का?

खुरपं | २४ एप्रिल, रात्री ११:३२

ताई, आधी कडुनिंबाचं बोलू. झाड तुमच्या हद्दीत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे आणि वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेली आहे. ज्याला हे ठाऊक नाही किंवा ठाऊक असून तो "काढून टाकू" म्हणतो, त्याच्या चित्रावर मी सही करणार नाही. आणि कडुनिंब का काढायचा? तयार सावली विकत मिळत नाही.

दुसरं म्हणजे कोनोकार्पस. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. थंडीत फुलोरा येतो, परागकणांनी सर्दी-खोकला-दम्याचा त्रास होतो, आणि मुळं ड्रेनेज लाइनीत आणि जमिनीखालच्या केबलींत घुसतात, ही त्यांनी दिलेली कारणं. तुमच्याकडे दोन चेंबर आहेत म्हणता. बघा बुवा.

तिरपागडा | २५ एप्रिल, सकाळी ७:१५

आमच्या सोसायटीत सहा वर्षांपासून कोनोकार्पस आहे. बारा महिने हिरवा, कीड नाही, महिन्याला एक कटिंग. कुणाला शिंक आलेली नाही. व्हॉट्सॲपवर वाचून झाडांना गुन्हेगार ठरवायची नवी फॅशन आली आहे.

लॉनबद्दलही तेच. मुलं खेळायची असतील तर लॉन लागतं. फरशीवर पडून गुडघे फोडून घ्यायचे का?

खुरपं | २५ एप्रिल, सकाळी ७:४०

तिरपागडा, सोसायटीच्या कंपाउंडला चाळीस फुटांवर ड्रेनेज असेल. यांच्याकडे ते सहा फुटांवर आहे. आणि सरकारी परिपत्रक म्हणजे व्हॉट्सॲप नव्हे.

बर्फाळ | २५ एप्रिल, सकाळी ९:०५ (इथे रात्र आहे)

कोनोकार्पसवरून आठवलं. आमच्या ओहायोत कॅलरी पेअर नावाचं झाड असंच गल्लोगल्ली लावलं होतं. भराभर वाढतं, वसंतात पांढरंशुभ्र फुलतं, बिल्डर लोकांचं लाडकं. मग ते रानोमाळ पसरलं, फांद्या वादळात फाटू लागल्या, आणि २०२३ पासून राज्यात विकायलाच बंदी आली. त्याआधी कित्येक वर्षं हेच झाड गार्डन सेंटरमध्ये पहिल्या रांगेत असायचं. तात्पर्य काढत नाही, नुसतं सांगितलं.

इथली एक गोष्ट मात्र मला आवडते. प्रत्येक रोपाच्या कुंडीत एक पट्टी खोचलेली असते: किती तास ऊन, पूर्ण वाढीला उंची-रुंदी किती, कुठल्या थंडीपर्यंत तग धरेल. "फुल सन" म्हणजे सहा तास किंवा जास्त. आपल्याकडे नर्सरीत विचारलं की "सब जगह चलता है".

कोष्टक | २५ एप्रिल, दुपारी १:२०

पायरीवरची, तुम्ही ऊन वर्षातल्या फसव्या दिवशी पाहिलंत.

घर दक्षिणमुखी, म्हणजे मागचं अंगण घराच्या उत्तरेला. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर. एप्रिलच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, घराची सावली जेमतेम दोन फूट पडते. १३-१४ मेच्या सुमारास तर शून्य सावली. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो, म्हणजे तुमच्या अंगणाला सगळ्यात जास्त ऊन मिळण्याचे दिवस हेच, आणि त्यातले निम्मे ढगात जातात.

आता दुसरं टोक. २२ डिसेंबरला दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर. तुमचं घर दोन मजली, कठड्यासकट बावीस फूट धरलं तर सावली पडेल साधारण वीस फूट. तुमचं अंगण किती खोल आहे म्हणालात? वीस.

मधले टप्पे: २३ सप्टेंबरला साडेसात फूट, २३ ऑक्टोबरला साडेबारा फूट. फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेला परत साडेबारा. थोडक्यात घराच्या भिंतीलगतचा बारा फुटांचा पट्टा चार महिने दुपारचं ऊन बघणार नाही, आणि त्या दिवसांत सूर्य उगवतो-मावळतोही दक्षिणेकडे सरकून, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची तिरीपही घरच अडवणार. त्या पट्ट्यात लॉन लावलंत तर पहिल्या थंडीत विरळ होईल आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे शेवाळ दिसेल.

तिरपागडा | २५ एप्रिल, दुपारी १:३१

हे मात्र मान्य.

पायरीवरची | २५ एप्रिल, दुपारी ३:००

अरे देवा. त्या माणसाने हे काही विचारलंच नाही. दक्षिणमुखीवरून नातेवाइकांनी मला वास्तुशास्त्र ऐकवलं होतं, सावलीचं शास्त्र आज कळतंय.

कोष्टक | २५ एप्रिल, दुपारी ३:२५

पाण्याचंही करून टाकू. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. तुमच्या सहाशेतलं पाचशे चौरस फूट लॉन धरलं तर ते साडेशेहेचाळीस चौरस मीटर, म्हणजे रोज सव्वादोनशे-अडीचशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर चाळीस दिवसांत फक्त गवत पिणार.

उलट बाजू: तुमचं छत सातशे चौरस फूट असलं आणि हंगामात सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर वाया जाणारं वजा करून तीसएक हजार लिटर पाणी वरून फुकट येतं. ते सध्या कुठे जातं ते बघा.

लाल माती | २६ एप्रिल, सकाळी ६:१०

मी संगमेश्वरकडचा. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा तुमचा सहाशेचा हिशोब वाचून चहा ठसकला.

पण वेगळं सांगायचं आहे. तुम्ही सगळे "अंगणात काय लावायचं" यावर बोलताय. आमच्याकडे अंगण म्हणजे जिथे काही लावत नाहीत ती जागा. झाडं परड्यात, आगरात. अंगण मोकळंच असायला लागतं. पाऊस सरला की दरवर्षी ते उकरून, माती ओढून, पाणी मारून चोपण्याने चोपायचं, वर शेणाने सारवायचं, मग मांडव. त्यावर भात वाळतं, सुपारी वाळते, लग्नं लागतात, रात्री गाद्या पडतात. मधोमध तुळस. सौंदर्य म्हणाल तर एवढंच, आणि आजवर कुणी त्याला गझिबो लावलेला नाही.

तुमच्या सहाशे फुटांतले दोन-अडीचशे फूट असेच रिकामे ठेवा. क्रिकेटही होईल, चहाही होईल. शेण नको असेल तर शहाबादी घाला, पॉलिश न केलेली, सांधे अर्धा-पाऊण इंच सोडून. सांध्यांत हरळी आपोआप येते, ती दूर्वा म्हणून गणपतीला कामाला येते. सिमेंटने सांधे भरू नका म्हणजे झालं.

नवतपा | २६ एप्रिल, दुपारी २:४५

नागपूरहून. इथं आज चव्वेचाळीस हाय, म्हणून बसायच्या जागेबद्दल बोलतो. ताई, उत्तरेचं अंगण थंडीत गारठ्याचं, पण मे-जूनच्या संध्याकाळी ऊन वायव्येकडून तिरपं येते, थेट तोंडावर. गझिबोचं छप्पर वर असते, ऊन बाजूनं येते, तर तो काय कामाचा? पश्चिमेच्या बाजूला उभा मांडव करा. दीड इंची लोखंडी पाइप, त्यावर जाळी, आणि मधुमालती सोडा. दोन वर्षांत पडदा होते. तोवर पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा, लाज काहून वाटायची?

कूलरसमोर बसून लिहून राहिलो, चुकलं-माकलं माफ करा.

फुलपाखरी | २६ एप्रिल, रात्री ९:२०

माझी एकच विनंती, कढीपत्ता आणि लिंबू लावा आणि त्यावरच्या अळ्या मारू नका. नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, लोक घाबरून औषध मारतात आणि मग विचारतात की आमच्याकडे फुलपाखरं का येत नाहीत.

लिंबाला ऊन लागतं, तेव्हा ते पुढे, दक्षिणेच्या बाजूला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती मागा.

पायरीवरची | ४ मे, रात्री ९:४०

कोटेशनला नाही म्हटलं. नवरा दोन दिवस गप्प होता, मग कोष्टकांचा सावलीचा हिशोब त्याला वाचायला दिला. स्वतः इंजिनिअर आहे, त्याने गच्चीवर जाऊन उंची मोजली. साडेएकवीस भरली.

आज थेऊरच्या बाजूला एका रोपवाटिकेत गेलो. आत एक सत्तरीचे काका, डोक्याला टॉवेल, हातात पाइप. मी यादी काढली तर म्हणाले, "यादी राहू द्या. पाणी कुठलं? जागा घराच्या कुठल्या अंगाला? आणि खाली काय आहे, काळी की मुरूम की बिल्डरचा कचरा?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणाले, "मग आज काही नेऊ नका. दोन फूट खड्डा करा, फोटो काढून आणा."

मी म्हटलं, निदान एक गुलाब तरी द्या. "गुलाब तुम्हाला देत नाही. डिसेंबरात कळ्या धरायच्या वेळी तुमच्याकडे सावली. वाळला की मलाच शिव्या घालायला याल."

पैसे घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

खुरपं | ४ मे, रात्री १०:१५

या माणसाला सोडू नका.

आता रोपं घेतानाचं थोडं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतली बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. राजमहेंद्रीजवळचं ते गाव म्हणजे देशाची रोपवाटिका. लांबच्या प्रवासात ओल टिकावी म्हणून मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत पुरला की दोन मातींचं जमत नाही: बाहेर चिखल, आत गोळा कोरडा ठाक. मुळं गोळ्यातच फिरत राहतात आणि वर्षाने झाड "कशाने गेलं कळलं नाही". लावायच्या आधी गोळा बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, बाहेरचा इंचभर थर बोटांनी हलका सोडवा, पूर्ण फोडू नका.

शेडनेटखालचं रोप थेट उन्हात लावू नका. आठ-दहा दिवस घरच्या सावलीत, मग अर्ध्या उन्हात. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळली असतील तर ते रोप स्वस्तातही घेऊ नका. आणि फुलांनी लदलेलं रोप बघून भुलू नका. बुटकं, दणकट, नवी पालवी फुटत असलेलं घ्या.

पायरीवरची | १९ मे, रात्री ८:३०

खड्डा केला. वरची आठ इंच माती, त्याखाली प्लास्टरचे ढपले, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, एक चप्पल, टाइल्सची अर्धी पेटी. मग कुठे मुरूम.

काकांना फोटो दाखवला. म्हणाले, "हे सगळं काढल्याशिवाय खत घालाल ते खड्ड्यातच जाईल." दोन बिगारी, चार दिवस. राडारोडा ट्रॅक्टरने गेला. आता माती किती मागवायची? वाफे तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांचे होतील, एक फूट खोल.

खुरपं | १९ मे, रात्री ९:०५

शंभर घनफुटांचा एक ब्रास. तुम्हाला साडेतीन लागेल, बसते म्हणून चार सांगा. तांबडी माती की पोयटा यावर इथे मागे तीनशे प्रतिसादांचं युद्ध झालंय, ते परत नको. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. शेणखत मुठीत घेऊन हुंगा. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, हुमणी (मुळं खाणारी अळी) घेऊन येईल. पावसाळी मातीचा वास आला तर घ्या.

चेंबरची झाकणं मातीखाली गाडू नका. वर कुंडी ठेवा, जिला दोन माणसं हलवू शकतील अशी. माझ्या मेहुण्याने गाडली, आणि गणपतीत चेंबर तुंबल्यावर पंधरा पाहुण्यांसमोर बाग खणावी लागली.

पायरीवरची | २२ जून, सकाळी ७:५०

काल रात्री पहिला दणक्याचा पाऊस झाला. फरशी झाली होती, पूर्वेचे वाफे भरले होते, काकांकडून पहिली खेप आणून लावली होती: अनंत, तगर, अडुळसा, हळदीचे गड्डे, अळू, कुंपणालगत मोगरा आणि जुई, पश्चिमेच्या जाळीला मधुमालती.

सकाळी उठून बघते तर वायव्येच्या कोपऱ्यात तळं. मोगरा घोटाभर पाण्यात. छताचा पाइप नेमका तिथेच सुटतोय.

कोष्टक | २२ जून, सकाळी ८:१०

फरशीला उतार किती दिलाय?

पायरीवरची | २२ जून, सकाळी ८:१४

गवंडी म्हणाला "देतो".

कोष्टक | २२ जून, सकाळी ८:३०

दहा फुटांना सव्वा इंच, घरापासून लांब. हे कागदावर लिहून, लेव्हल-पाइप लावून बघायचं असतं. असो.

शोषखड्डा करा. घराच्या पायापासून दहाएक फूट लांब, सेप्टिक टँक असेल तर त्याच्यापासूनही लांब. तीन बाय तीन, खोली मुरूम लागून त्यात फूटभर जाईल इतकी. काळ्या मातीत थांबलात तर तो खड्डा नाही, हौद होईल. खाली मोठे दगड, मग विटांचे तुकडे, मग खडी, वर जाड वाळू. छताचं पाणी आधी टाकीत घ्या, टाकी भरली की उरलेलं खड्ड्यात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, छतावरची धूळ असते त्यात.

खुरपं | २२ जून, सकाळी ८:५५

विटांचे तुकडे विकत घेऊ नका हं. मे महिन्यात ट्रॅक्टरभर पैसे देऊन पाठवलेत.

पायरीवरची | २२ जून, सकाळी ९:०२

जखमेवर मीठ.

तिरपागडा | २२ जून, सकाळी ११:४०

टाकीवर जाळी बांधा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. कारंज्याचं खूळ गेलं ते बरंच झालं, लाइट गेले की कारंजं म्हणजे डासांचं प्रसूतिगृह. घंगाळात कमळ वगैरे ठेवणार असाल तर गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे चौकशी करा.

फुलपाखरी | २२ जून, दुपारी १२:१५

सोडा, पण ते मासे ओढ्यात-तळ्यात सोडू नका. बाहेरचे आहेत, तिथल्या देशी माशांना त्रास होतो.

(तिरपागडा यांच्याशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर आली, नोंद घ्यावी.)

पायरीवरची | ९ सप्टेंबर, रात्री ९:१०

मधल्या काळात खड्डा झाला, पाणी आता अर्ध्या तासात उतरतं. मोगऱ्याची दोन रोपं गेली, तीन वाचली. हळद कमरेएवढी झाली आहे, गौरीला पातोळ्या केल्या, लाल माती यांची आठवण काढली. लेकाचं क्रिकेट फरशीवर चालू आहे, गुडघे अजून शाबूत.

अनंताचं दुखणं आहे. पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. कळ्या धरतात आणि गळतात. काका म्हणतात, "पाणी बदला." म्हणजे काय?

खुरपं | ९ सप्टेंबर, रात्री ९:४५

बरोबर सांगतायत. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं म्हणजे नव्या पालवीला लोह मिळत नाही. अनंताला आंबट माती लागते. तुमच्या मातीत प्लास्टरचा चुना उरलेला आणि वरून टँकरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो ना, तोच. लोह मातीत असतं, पण झाडाला उचलता येत नाही.

अनंत जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत घ्या, नवी माती, भरपूर पालापाचोळ्याचं खत. टाकीतलं पावसाचं पाणी फक्त त्याला राखून ठेवा. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं, मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, महिन्यात फरक दिसेल. तगरीला मात्र काही होणार नाही, तिला कसलंही पाणी चालतं. म्हणून तर ती प्रत्येक देवळाच्या मागे असते.

लाल माती | १० सप्टेंबर, सकाळी ६:२०

अनंत आमच्याकडे न बघता वाढतो. जांभ्याची आंबट माती. तुम्ही त्याला माहेराहून लांब दिलीत, पाणी तरी पावसाचं पाजा.

पातोळ्यांचा फोटो टाकायचा होता.

नवतपा | १० सप्टेंबर, दुपारी १:१०

मधुमालती कुठवर आली?

पायरीवरची | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

जाळीच्या निम्म्यावर. शेडनेट अजून आहे, लाज वाटत नाही.

बर्फाळ | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

आज इथे पहिलं दहिवर पडलं. माझा एकुलता एक मोगरा आणि कढीपत्ता कुंड्यांसकट घरात आले, आता एप्रिलपर्यंत खिडकीत. या धाग्यावर अंगणात सावली किती हे वाचताना मला हसू येतं, इथे अख्खं अंगणच पाच महिने बंद. धागा वर काढायला हे कारण पुरे. ताई, कुठवर आलं?

पायरीवरची | २२ डिसेंबर, दुपारी १:०५

मुद्दाम आजपर्यंत थांबले. साडेबाराला नवरा टेप घेऊन उभा होता. कठड्याच्या सावलीची कड भिंतीपासून एकोणीस फूट दोन इंचांवर. कुंपणालगत दहा इंचांची उन्हाची पट्टी उरली आहे, त्यात जुई आणि मोगरा दाटीवाटीने उभे आहेत, लोकलच्या दारात उभं राहावं तसे.

बाकीच्या सावलीत अडुळसा, अळू, फर्न मजेत आहेत. हळद पिवळी पडायला लागली, पुढच्या महिन्यात काढू. अनंत कुंडीत गेल्यापासून हिरवा झालाय, फूल नाही. सकाळी थंडीत मागे कुणी बसत नाही, सगळे पुढच्या पायरीवर उन्हाला. संध्याकाळी मात्र कडुनिंबाखाली दोन खुर्च्या पडतात. निंबाची पानं मी झाडते आणि वाफ्यावरच पसरते, काकांनी सांगितलंय.

खर्च एक लाख दहा हजार झाला, त्यात राडारोड्याचे आणि शोषखड्ड्याचेच निम्मे. फोटोत दाखवण्यासारखं त्या पैशांचं काही नाही.

कोष्टक | २२ डिसेंबर, दुपारी १:२०

साडेएकवीस फूट उंचीला हिशोबाने एकोणीस फूट साडेतीन इंच यायला हवं. दीड इंच कुठे गेलं?

पायरीवरची | २२ डिसेंबर, दुपारी १:२६

उंची मोजली तेव्हा फरशी घातली नव्हती ना.

खुरपं | २२ डिसेंबर, दुपारी १:४०

कोष्टक, जेवून घ्या.

ताई, काकांनी गुलाब दिला का शेवटी?

पायरीवरची | २२ डिसेंबर, दुपारी १:४८

गेल्या आठवड्यात परत मागितला. म्हणाले, पुढच्या पायरीचा फोटो आणा, किती वाजता ऊन येतं ते लिहून.